तळटीप: आंबिवलीची हद्द

१२. ‘हद्द कुणाची?’ मृतदेहाकडे पाहण्याआधी नायिका हवालदाराला हे विचारते, तेव्हा ती निष्ठुर वाटू शकते. पण आंबिवलीत तपास इथूनच सुरू होतो. शहाड आणि टिटवाळा यांच्यामधल्या या स्थानकात मृतदेह रुळांवर किंवा फलाटावर सापडला, तर प्रकरण कल्याण लोहमार्ग पोलिसांचं. रेल्वेच्या हद्दीबाहेर, मोहन्याच्या बाजूला सापडला, तर खडकपाडा पोलीस ठाण्याचं, म्हणजे ठाणे शहर आयुक्तालयाचं. पुढच्याच टिटवाळ्यात ठाणे ग्रामीणचं दल. रुळांवरचा मृत्यू आधी ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदला जातो. मग पंचनामा, शवविच्छेदन, आणि घातपात दिसला तरच खुनाचा गुन्हा. एवढ्या वेळात पुरावा पुसला जातो, ही तिची तगमग लेखकाने अचूक पकडली आहे.

केवळ खुनांसाठी वेगळं पथक आपल्या पोलीस ठाण्यांत नसतं. तपास ठाण्याचाच, गुन्हे शाखा समांतर काम करते. म्हणून तीच निरीक्षक एका प्रकरणात खुनाचा माग काढते आणि पुढच्यात मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभी राहते. तिचा करारीपणाही अवास्तव मानू नये: १९८१च्या तुकडीतल्या मीरा बोरवणकर मुंबई गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या.

कथानक जुन्या कायद्याच्या काळातलं असल्याने कलम ३०२ तसंच ठेवलं आहे. १ जुलै २०२४पासून खुनासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं.