मोडीचे खिळे आणि नागपूरचा पंडित

नागपूरकर भोसल्यांची वंशावळ सांगणारे एक जुने मराठी पुस्तक छापले गेले ते नागपुरात नव्हे आणि पुण्यातही नव्हे, तर हुगळीकाठच्या श्रीरामपुरात. (नगर जिल्ह्यातले नव्हे, ही बंगालमधील डॅनिश वसाहत.) आणि तेही मोडीच्या खिळ्यांनी!

१८०३ मध्ये देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींकडून कटक प्रांत कंपनीकडे गेला. भोसल्यांशी पत्रव्यवहार वाढला, आणि तो मोडीत चाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी साहेबलोकांना मराठी शिकवत असे. त्याच्या हाताशी नागपूरचे वैजनाथ पंडित होते. केरीचे १८०५ चे व्याकरण देवनागरीत छापले गेले, १८१० चा कोश मात्र मोडीत. ज्याला दरबारी कागद वाचायचा आहे, त्याला बालबोध अक्षर येऊन काय उपयोग?

खरी अडचण कारागिराची होती. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतो, मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जातो. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. काना लागला की कित्येक अक्षरांचे रूपच पालटते. शिशाचा खिळा नेमका उलट स्वभावाचा. प्रत्येक अक्षर सुटे, प्रत्येकाच्या डोक्यावर शिरोरेषेचा आपला तुकडा. हात जिथे वळण घेऊन पुढच्या अक्षरात शिरतो, तिथेच खिळा संपतो. म्हणून छापील मोडी वाचता येते, पण ती रांगेत उभ्या केलेल्या शिपायांसारखी वाटते. धावती लिपी धावायची थांबली, असे माझे मत.

या अडचणीवर तोड निघाली ती शिळाप्रेसची. लेखकाने विशेष शाईने लिहावे आणि तेच अक्षर दगडावर उतरावे, वळण शाबूत. एकोणिसाव्या शतकातील मोडी वाचनपुस्तके अशीच निघाली. खिळ्यांचे राज्य मात्र बालबोधाकडे गेले. १८६४ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत टाइपांची ओतशाळा काढली, तिची कीर्ती झाली ती सुबक देवनागरीसाठी. मोडी दप्तरात आणि चोपड्यांत उरली.

२०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. फॉन्टला खिळ्याची सक्ती नाही. काना लागताच अक्षराचे रूप तो आपोआप बदलू शकतो. पण ही लिपी आज भेटते कुठे? लग्नपत्रिकेवर, टी-शर्टवर, दंडावरच्या टॅटूत. मिरवणाऱ्यांपैकी अनेकांना ती वाचता येत नाही, आणि रुमालात बांधलेल्या कागदांना वाचक मिळत नाहीत.

एखाद्या फलकावर मोडी दिसली, तर आधी शिरोरेषा पाहा. ती शब्दाशब्दाला तुटत असेल, तर मजकूर मोडीत आहे, सवय बालबोधाची आहे.