टर्बो इंजिनाचं इंधन जुळत नाही तेव्हा: १९१८ ते १९७६

कळवणहून नांदुरीमार्गे सप्तशृंगगडाचा घाट चढणारी एक टर्बो पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर आणा. सकाळी गावात इंधनाचं प्रमाण बरोबर असतं, घाटात इंजिन अडखळतं, खाली उतरलं की पुन्हा ठीक. मेकॅनिक लॅपटॉप लावतो, इंधनाच्या तक्त्यातला एक आकडा वाढवतो. दोन दिवसांनी तोच आकडा चुकीचा ठरतो. पेटच्या मुलाखतीत ‘तुमची मेथड काय?’ असं विचारतात ना, तो प्रश्न इथं गॅरेजमध्ये उभा आहे. वाचन बदलतंय, पण नेमकं कशामुळे?

आधी थोडी पार्श्वभूमी. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर फिरणारं चाक. ते दुसरं चाक फिरवतं आणि हवा दाबून आत ढकलतं. त्यामुळे आत किती हवा गेली हे क्षणाक्षणाला बदलतं, आणि इंधनाला तिच्या मागे धावावं लागतं.

सॅनफर्ड मॉस यांचं नाव संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी तरी ऐकलेलं असावं. त्यांची पीएच.डी. कॉर्नेल विद्यापीठाची, १९०३ ची, विषय गॅस टर्बाइन. पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यावर काम झालं, पण यंत्राची कार्यक्षमता फारच कमी निघाली आणि प्रकल्प बंद पडला. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. विमानाच्या इंजिनांची ताकद उंचीवर घटत होती. सरकारी वैमानिकी समितीचे प्रमुख विल्यम ड्युरँड पूर्वी कॉर्नेलला शिकवत, त्यांना मॉस यांचा प्रबंध आठवला. (आपला प्रबंध कोण वाचणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नोंद ठेवावी.)

मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. उंची १४,१०९ फूट. जमिनीवर ३५० अश्वशक्ती देणारं हे इंजिन माथ्यावर टर्बोशिवाय २३० वर आलं, टर्बो जोडल्यावर ३५६ वर गेलं. लोक ३५६ चं कौतुक करतात. मला त्यातला २३० जास्त मोलाचा वाटतो. तेच इंजिन, तीच विरळ हवा, फरक फक्त टर्बोचा. मधलं वाचन घेतलं नसतं, तर ‘टर्बोमुळे ताकद परत आली’ हे म्हणायला आधारच उरला नसता. आपण ज्याला कंट्रोल म्हणतो ते हेच.

पण मॉस यांच्यासमोर मोठा बदल एकच होता, हवेचा दाब. खरी पंचाईत होते ती एकाच लक्षणामागे दोन कारणं असतात तेव्हा. त्यासाठी ब्रिटनला जाऊ या. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांत मर्लिन इंजिन होतं. त्यातला सुपरचार्जर गिअरवर चालायचा, म्हणजे टर्बोचाच भाऊबंद. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबलं की इंजिन गचकायचं. समोरच्या जर्मन विमानात इंधन थेट फवारलं जाई, त्याला हा त्रास नव्हता; ते सरळ सूर मारून निसटायचं.

फार्नबरोच्या संशोधन संस्थेत बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर होत्या, मोटरसायकल शर्यतींतही नाव कमावलेल्या. या गचक्याचे मुळात दोन भाग होते. नाक खाली गेलं की कार्ब्युरेटरच्या कप्प्यातलं पेट्रोल वर उसळायचं, जेट उघडे पडायचे आणि क्षणभर इंजिन उपाशी राहायचं. लगेच फ्लोटचा तोल जाऊन झडप सताड उघडायची, पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतायचा आणि इंजिन गुदमरायचं. आधी कमी, मग जास्त. वैमानिकाला मात्र दोन्ही वेळा एकच गोष्ट कळायची: इंजिन बंद पडतंय. शिलिंग यांनी इंधनाच्या वाटेत भोक असलेला एक छोटा पितळी तुकडा बसवला. पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जाई. मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडमध्ये तो सगळीकडे पोचला होता. पहिला, उपाशीपणाचा गचका त्याने गेला नाही. जीवघेणा होता तो दुसरा, आणि तो आटोक्यात आला.

१९७६ मध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला. धुरातला ऑक्सिजन बघून संगणक इंधन आपोआप कमी-जास्त करू लागला. सोय झाली खरी, पण दोष झाकलाही जाऊ लागला. आता गाडी नीट चालते आणि संगणक मुकाट्याने १५ टक्के जादा इंधन घालत असतो. त्या दुरुस्तीच्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. तक्त्याला हात लावण्याआधी तो बघायचा.

घाटातल्या गाडीकडे परत येऊ. समजा, इंधनदाबाच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी निसटली आहे. मूळ दाब ३ बार, टर्बोचा १ बार. नळी जागेवर असेल तर इंजेक्टरच्या दोन टोकांत ३ बारचा फरक कायम राहतो. निसटली तर २ च उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे इंधन सुमारे १८ टक्के कमी. आयडलला मात्र मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तिथं फरक ३ च्या वर जातो आणि इंधन जास्त पडतं. आता उलट समजा: हवा मोजणारा सेन्सर ठीक आहे, पण थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डच्या जोडाला चीर आहे. आयडलला न मोजलेली हवा आत येते, इंधन कमी पडतं. बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर निसटते, इंधन जास्त होतं.

दोन्ही गाड्यांचे मालक एकच तक्रार सांगतील, ‘कधी बरोबर, कधी चूक.’ म्हणून आयडलचं आणि बूस्टचं वाचन वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, शेजारी आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेजही टिपा, कारण व्होल्टेज पडला की इंजेक्टर उशिरा उघडतो. आणि धुराची वाट सेन्सरच्या आधी कुठं फुटकी नाही ना, तेही बघा. तिथून बाहेरची हवा शिरली तर सेन्सर इंधन कमी असल्याचं खोटंच सांगेल, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवून इंधन वाढवत बसेल.