येडशीहून धाराशिवला यायला रेल्वेला शंभर वर्षं लागली

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेची चर्चा निघाली की आपल्याकडे दोनच सूर असतात. एक, 'आता झालंच समजा.' दुसरा, 'आपल्या हयातीत काही होत नाही.' मला वाटतं, दोन्ही बाजूंनी आपल्याच जिल्ह्यातला जुना इतिहास जरा बघावा.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. मुंबई–सोलापूर मार्गावरचं कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, तिथून बार्शीपर्यंत १८९७ साली पहिली गाडी धावली. मार्ग जेमतेम २१ मैलांचा, रूळ अडीच फुटी. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे हलके रूळ चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. आधी बार्शीच्या पेठेचा माल, मग १९०६ ला पंढरपूरचे वारकरी, १९०७ ला येडशीवरून तडवळे, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. एक टप्पा सुरू करायचा, त्यावर गाडी चालवायची, मग पुढचा हातात घ्यायचा. सगळे मिळून दोनशे मैल झाले.

आता याची दुसरी बाजू. ही रेल्वे कंपनीची होती, तिने पेठा जोडल्या. उस्मानाबाद निजामाच्या राज्यातलं जिल्ह्याचं ठिकाण, पण ते बाजूलाच राहिलं. येडशी इथून वीसेक किलोमीटर. तरी पिढ्यान् पिढ्या आपली माणसं एसटीने येडशी गाठून मग गाडीत बसली. १९५४ साली रेल्वे सरकारने घेतली, तरी मार्ग तोच राहिला. ब्रॉडगेज करताना तो वळवून शहराजवळ आणला, तेव्हा कुठे सप्टेंबर २००७ मध्ये लातूर–उस्मानाबाद सुरू झालं आणि पुढच्या वर्षी कुर्डुवाडीपर्यंत जोडलं गेलं. एकदा चुकलेली आखणी दुरुस्त व्हायला शंभर वर्षं गेली, ती अशी.

म्हणून नव्या मार्गाकडे नीट लक्ष द्यायला हवं. मार्ग ८४ किलोमीटरचा. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापुरात तो जाहीर केला तेव्हा खर्च साधारण हजार कोटी सांगितला होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेला सुधारित आकडा ३,२९५ कोटी, त्यातला निम्मा वाटा राज्याचा. सहा वर्षांत तिप्पट! भूसंपादन आणि निधी जितका रेंगाळतो तितका हा आकडा फुगतो, आणि आज सोलापूरला रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीचा वळसा घालावाच लागतो.

माझं म्हणणं एवढंच. धाराशिव–तुळजापूर हा टप्पा तयार होताच गाडी सुरू करा, पूर्ण मार्गाची वाट बघू नका. नवरात्रात तुळजापूरला किती गाड्या लागतील, इतर महिन्यांत किती, याचा हिशेब आत्ताच मांडा. स्टेशनवरून गावात जायला एसटी गाडीच्या वेळेला असू द्या. कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला सोलापूरला जाणारे पेशंट सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतील असं वेळापत्रक हवं.

आपले आमदार-खासदार भेटले की 'रेल्वे कधी?' एवढंच विचारू नका. 'पहिल्या दिवशी किती गाड्या, किती वाजता?' हेही विचारा.