हिंगोलीच्या भूमीखालचा अग्नी

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी तर ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हिंगोली जिल्हा हादरला. अशा वेळी पारावर प्रश्न निघतो : आपल्या पायांखाली ज्वालामुखी तर नाही ना? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही; कारण आपली भूमी खरोखरच अग्नीतून जन्मली आहे.

ज्वालामुखी म्हटला की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. अंदमानातील बॅरन बेट तसे आहे. राख आणि शिलारस यांचे थर साचून ते उभे राहिले, आणि १९९१ साली पुन्हा जागे झाले. दख्खनचे पठार मात्र असे एका शंकूतून घडले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस पुरासारखा पसरला. एक थर निवे, त्यावर दुसरा येई. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या थरांखाली आहे.

याचा पुरावा आपल्या विहिरींत आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. कोठे सच्छिद्र दगड लागतो. ती छिद्रे म्हणजे निवत्या शिलारसातील वायूंचे बुडबुडे. दोन थरांमध्ये कोठे तांबडी माती सापडते. तेथे दोन उद्रेकांमध्ये दगड झिजण्याइतका काळ गेला होता. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ याच पाषाणाचे, आणि हळद-कापूस पिकवणारी काळी मातीही यातूनच झाली.

मग तो अग्नी गेला कोठे? भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, उष्णतेचा स्रोत मागे राहिला. अनेक भूशास्त्रज्ञांच्या मते तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे; तेथील ज्वालामुखी अजूनही शिलारस ओकतो.

आपल्याकडचे धक्के वेगळे. आशियाला रेटणाऱ्या या भूखंडातील ताणामुळे खोलवरच्या जुन्या भेगांवर खडक सरकतो. धक्का लहान पण उथळ असला, की हादऱ्यापेक्षा आवाजच अधिक जाणवतो.

तेव्हा शिलारसाची भीती नको, घरांची काळजी हवी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून. भिंतींना आडवे पट्टे बांधणे आणि माळवदावरचा मातीचा भार उतरवणे, एवढे तरी आपण पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे.