रंध्याची कुळकथा

खंडेनवमीस आपल्या घरोघरी हत्यारांची पूजा होते. वाकस, करवत, पटाशी, गुण्या आणि रंधा ही सारी मंडळी एकाच पाटावर बसतात. परंतु या सर्वांचे कूळ एक नाही, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी आली असेल.

‘सुतार’ हे आपले नाव ‘सूत्रधार’ या शब्दापासून आले. ‘तासणे’ हे क्रियापद संस्कृत ‘तक्ष्’ धातूपासून, आणि ‘करवत’ हा शब्द ‘करपत्र’ यापासून. ऋग्वेदात तक्षन् म्हणजे सुतार, आणि वाशी म्हणजे तासण्याचे हत्यार, या दोहोंचा उल्लेख आहे. ‘रंधा’ हा शब्द मात्र फार्सी ‘रंदा’पासून आलेला आहे. नावाने पाहुणा असलेला हा रंधा आपल्या घरात घरचाच होऊन गेला, याचे कारण आमच्या मते एकच: आपल्या पूर्वजांनी तो नुसता वापरला नाही, तर स्वतःच्या हातांनी घडविला.

रंध्याचे सर्वांत जुने उपलब्ध नमुने रोमन काळातील आहेत. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात रंधे सापडले. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांतील प्रसिद्ध जहाज १५४५ साली बुडाले व १९८२ साली समुद्रतळावरून वर काढण्यात आले. त्यावरील सुतारांच्या सामानातही रंधे मिळाले. दोहोंमध्ये सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर. परंतु मूळ रचना तीच. एक ठोकळा, त्यात तिरपे बसविलेले पाते, आणि पाते आवळून धरणारी पाचर.

रचना इतकी साधी असली, तरी ती साधणे सोपे नव्हे. आपल्याकडे पाते लोहाराकडून घडवून घ्यावयाचे आणि ठोकळा स्वतः करावयाचा, अशी वहिवाट असे. त्यासाठी शिसव, बाभूळ यांसारखे घट्ट व पुरते वाळलेले लाकूड निवडावे लागते. ठोकळ्याचे जे अंग झाडाच्या सालीकडे होते, ते तळास घेणे चांगले. पात्याची बैठक साधारणपणे ४५ अंशांवर उतरवितात. कठीण व उलटसुलट रेषांच्या लाकडासाठी ती ५० अंशांपर्यंत उभी करतात. ही बैठक अगदी सपाट हवी. तीत किंचित जरी उंचवटा राहिला, तरी पाते थरथरते आणि लाकडावर लहरी उठतात. पाचर दोन्ही बाजूंस सारखी टेकली पाहिजे. ती अति घट्ट ठोकली, तर ठोकळ्याची बाजू उकलते.

खरी कसोटी तोंडाची. तोंडाची पुढची कड लाकडाचे तंतू दाबून धरते, म्हणून पाते त्यांना उपटण्याऐवजी कापते. तोंड अरुंद असेल, तर काम नितळ होते. फार अरुंद झाले, तर ढलपी आत अडकते. शेवटी तळ सपाट करताना पाते किंचित मागे घेऊन पाचर ठोकलेलीच ठेवावी लागते. कारण पाचरीच्या दाबाने तळही थोडा वाकतो. असा एक रंधा ज्याने सिद्धीस नेला, त्याला लाकडाचा स्वभाव निराळा शिकवावा लागत नाही.

घडविणारा आणि वापरणारा यांची ताटातूट हळूहळू झाली. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस रंधे करून विकणारे स्वतंत्र कारागीर उदयास आले. अमेरिकेत लिओनार्ड बेली याने स्क्रूने पाते पुढेमागे करता येईल असे लोखंडी रंधे तयार केले, आणि १८६९ साली त्याचा व्यवसाय स्टॅन्ले कंपनीने विकत घेतला. जपानच्या माकिता कंपनीने १९५८ साली विजेचा रंधा बाजारात आणला. यंत्राने पाठीचे कष्ट वाचविले, हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु यंत्राबरोबर ती जाण विकत मिळत नाही.

हे यंत्रप्रिय अमेरिकेतही ओळखले गेले. जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९) या काष्ठशिल्पीने कॅलिफोर्नियात १९८१ साली सुरू केलेल्या शिक्षणक्रमात विद्यार्थ्यांना आरंभीच स्वतःचा लाकडी रंधा करावा लागे. त्याची रीतही सुलभ होती: ठोकळ्याच्या दोन्ही बाजू कापून वेगळ्या करावयाच्या, मधल्या भागात पात्याची बैठक उतरवावयाची, आणि सर्व पुन्हा सरसाने जोडावयाचे.

आज आपल्यापैकी अनेकांची मुले कचेऱ्यांत व कारखान्यांत आहेत, याचा आम्हांस अभिमानच आहे. जे धंद्यात आहेत, त्यांना २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु आजोबांचा रंधा मोडीत घालण्यापूर्वी त्याचे तोंड, त्याची पाचर, मुठीच्या घर्षणाने पडलेली झीज एकदा निरखून पाहावी. तो कोणी केला व कोणत्या लाकडाचा, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. आणि ज्या वृद्ध हातांना हे काम अजून येते, त्यांच्या शेजारी मुलगा असो वा मुलगी, एकास तरी बसवावे. जुना रंधा कपाटात जपता येईल. तो करण्याची विद्या मात्र हातांतूनच हातांत जाते, आणि ते जुने हात आपल्यांत फार काळ राहणार नाहीत.