कीचकदरा आणि 'कीचकवध' : भयकाळातील शब्दार्थाविषयी काही विचार

मेळघाटात चिखलदऱ्यास जाणाऱ्या प्रवाशास तेथील वाटाड्या एक खोल दरी दाखवितो आणि भीमाने कीचकास मारून येथेच लोटून दिले, असे सांगतो. 'कीचकदरा' ह्याचाच अपभ्रंश 'चिखलदरा', अशी वऱ्हाडात जुनी समजूत आहे. जवळच वैराट नावाचे उंच स्थळ असून तेथे विराटाची राजधानी होती, असेही लोक मानतात. विराटनगराचा मान राजस्थानातील बैराटास देण्याकडे विद्वानांचा कल आहे. तो वाद येथे उकरून काढावयाचा नाही. ह्या कीचकाचे नाव १९१० मध्ये इंग्रज सरकारच्या दप्तरात कसे शिरले, आणि त्या काळात शब्दांच्या अर्थाची काय गत झाली, एवढेच प्रस्तुत लेखात पाहण्याचे योजिले आहे. जुने कागद जमविणाऱ्या व वाचणाऱ्या आपणा सर्वांशी ह्या गोष्टीचा निकट संबंध आहे, तो शेवटी ध्यानात येईल.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तील टिळकांचे सहकारी होते. त्यांचे 'कीचकवध' नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथानक महाभारताच्या विराटपर्वातले, म्हणजे घराघरांत ऐकिलेले. परंतु प्रेक्षकांस कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या ठायी हिंदभूमी, युधिष्ठिराच्या ठायी नेमस्त पक्ष आणि भीमाच्या ठायी जहाल पक्ष दिसू लागला. लंडनच्या 'टाइम्स'ने हा अर्थ आपल्या वाचकांस उलगडून सांगितला. व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली. त्याच वर्षी सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यान्वये नाटकाचे प्रयोग बंद केले.

येथे सरकारच्या भयाची केवळ थट्टा करून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. अमरकोशात 'कीचक' शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे : वाऱ्याने वाजणारा पोकळ वेळू. भ्यालेल्या माणसास वेळूचा आवाजही पावलांचा वाटतो हे खरे. पण एखादे वेळी पाऊल खरेच असते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांचा गोळ्या घालून वध झाला. हे गृहस्थ संस्कृताचे व्यासंगी असून त्यांस लोक 'पंडित जॅक्सन' म्हणत. गुजरात व कोकण येथील लोकसमजुतींची त्यांनी जमविलेली सामग्री पुढे एन्थोवेन यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एका अर्थी ते आपल्याच मार्गाचे पथिक होते. नाट्यगृहातच घडलेल्या ह्या घटनेनंतर राज्यकर्त्यांनी नाटकांकडे संशयाने पाहिले, ह्यात नवल नाही. फेब्रुवारी १९१० मध्ये नवा छापखान्याचा कायदाही आला. नव्या छापखानेवाल्याकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागण्याची तरतूद त्यात होती.

प्रश्न भय खरे की खोटे हा नव्हे. भयाच्या पोटी अर्थ लावण्याची रीत कशी बदलते, हा आहे. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा व व्यंजना. सामान्यतः कायदा अभिधेवर चालतो. जो शब्द उच्चारिला त्याचा सरळ अर्थ तो पाहतो. भयकाळात मात्र कायदा व्यंजनेवर चालू लागतो. आता मम्मटादिकांच्या मते व्यंग्यार्थ हा बोलणारा, ऐकणारा, स्वर, प्रसंग, स्थळ व काळ ह्या सर्वांवर अवलंबून असतो. तोच श्लोक कीर्तनात एक अर्थ देतो आणि सभेत दुसरा. म्हणजे व्यंजनेवरून शिक्षा करावयाची झाल्यास अपराधाचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या मनात असतो, आणि दंड मात्र बोलणाऱ्यास होतो. 'कीचकवधा'तील सूचितार्थ सरकारने चुकीचा ओळखला असे म्हणता येत नाही. प्रेक्षकांसही तोच अर्थ अभिप्रेत होता. परंतु एकदा ही वाट मोकळी झाली म्हणजे विराटपर्व वाचणाऱ्या पुराणिकास कोठे थांबवावे हे कोणी सांगावे?

ह्याचे मूळ शोधू जाता १८९७ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड यांचा वध झाला आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. दंडविधानाच्या १२४-अ कलमात जो इंग्रजी शब्द होता, त्यास आपण 'अप्रीती' म्हणू. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थीही येथे अडखळेल. नञ्चे सहा अर्थ आहेत. 'अपाप' ह्यात अभाव, तर 'अधर्म' ह्यात विरोध. द्वेष अथवा वैर हा अर्थ घेतला असता तर अपराध सिद्ध करण्यास काही कृती वा उक्ती दाखवावी लागली असती. अभाव हा अर्थ घेतल्यावर जो सरकारवर प्रेम करीत नाही तो प्रत्येक मनुष्य अपराधी ठरू शकतो. १८९८ मध्ये कलमाच्या स्पष्टीकरणात राजनिष्ठेचा अभाव व वैरभाव हे दोन्ही घालण्यात आले.

त्याच डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन् नायर, आणि स्वागताध्यक्ष अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे. टिळक तेव्हा तुरुंगात होते. पुण्याच्या नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनान्वये चौकशीविना अडकवून ठेविले होते. आरोप नाही, साक्ष नाही, निकाल नाही अशा ह्या बंदिवासाविरुद्ध अधिवेशनात आवाज उठला. नागरिक स्वातंत्र्याच्या इतिहासात अमरावतीचे नाव ह्यासाठी स्मरणात ठेवावयास हवे.

दादासाहेब खापर्डे यांचा पुढील वृत्तांत तर आमच्या विषयाचा गाभाच होय. १९०८ मध्ये टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर ते अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेस गेले, आणि १९१० मध्ये परतताना मंडाले येथे टिळकांस भेटले. त्यांच्यावर सरकारची पाळत होती. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ त्यांचा मुक्काम शिर्डीस होता. अनेक दशके ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. शिर्डीच्या नोंदींत एके ठिकाणी असा आशय आहे की, गव्हर्नर भाला घेऊन आला, आपण त्याच्याशी झुंजून त्यास हाकलले व शेवटी त्याची समजूत घातली, असे साईबाबा म्हणाले. आणि ही भाषा फार अलंकारिक असून तिचा अर्थ लावणे कठीण आहे, असे खुद्द खापर्डे यांनीच तेथे लिहिले आहे. एवढा निष्णात वकील जेथे अर्थ सांगण्यास कचरला, तेथे टेहळणी करणाऱ्या हेराने काय समजावे? राजकारणी पुरुषाची रोजनिशी उघडावी, आणि आत आरती, दर्शन व गूढ वचने मिळावीत, हे त्या काळचे विलक्षण चित्र आहे.

काही वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातील एका जुन्या घरात मला कागदांचा एक रुमाल पाहावयास मिळाला. शेतीचे हिशेब, सोयरिकीची पत्रे, वैद्यकाची टिपणे, सर्व वर्षवार बांधलेले. मध्ये १९०८ ते १९११ एवढी वर्षे मात्र नाहीत. घरातील वृद्ध बाई म्हणाल्या, "झडतीच्या भीतीनं सासऱ्यांनी बंबात घातली म्हणतात. त्यात काही होतं असं नाही बरं, पण काय असलं की धरतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं!" ह्या एका वाक्यात मम्मटाचे सर्व विवेचन आले. आपल्या शब्दाचा काय अर्थ घेतला जाईल ह्याचा भरवसा नसला म्हणजे मनुष्य निरुपद्रवी शब्दही जाळतो. मग इतिहासास उरते काय? पोलिसांचे अहवाल. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्यलढ्याची साधने खंडशः छापली, त्यांत पोलिसी कागद विपुल आहेत. ते मोलाचे खरे. परंतु संशयिताचे चरित्र संशय घेणाऱ्याच्याच लेखणीने लिहिले गेले आहे, हे विसरता कामा नये.

आणि येथे आपल्या स्वतःच्या दोषाकडे वळतो. त्या काळची पोथी, पद अथवा नाटक हाती आले की त्यात राजद्रोहाची सूचना शोधण्याची आपणांस हौस असते. हेराने ती भयापोटी शोधिली, आपण अभिमानापोटी शोधतो, रीत एकच. म्हणून माझी विनंती अशी की, संपादकाने अभिधेचा अर्थ प्रथम नोंदवावा. व्यंग्यार्थ सांगावयाचा झाल्यास समकालीन ऐकणाऱ्याचा पुरावा द्यावा. आणि दप्तरात जी वर्षे नाहीत तीही सूचीत 'नाहीत' म्हणून लिहावीत. रिकामी जागा हाही पुरावाच आहे.

१८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा स्वतंत्र भारतात २०१८ पर्यंत पुस्तकात राहिला. १२४-अ कलम १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात येताच गेले. तथापि तिच्या १५२ व्या कलमात बोललेले व लिहिलेले शब्द, खुणा आणि चित्रे ह्यांचा उल्लेख आहे. देशाचे रक्षण झालेच पाहिजे, ह्याविषयी दुमत नाही. शब्दाचा अर्थ कोणी व कशावरून ठरवावा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीस नव्याने सोडवावा लागतो. तो सोडविताना कोणाच्या घरी बंब पेटत नाही ना, एवढे पाहिले तरी पुढील संशोधकावर उपकार होतील.