ग्वानाह्वातोची 'कायेहोनेआदा': गल्लीबोळांतली ही मैफल खरंच किती जुनी आहे?

मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो शहरात रात्रीचे आठ वाजत आले की सान दिएगो चर्चसमोर गर्दी जमू लागते. काळे मखमली कपडे, फुगीर बाह्या, खांद्यावरून सोडलेला लांब झगा अशा वेशातले काही तरुण गिटार आणि मँडोलिन लावत असतात. त्यांचे साथीदार त्याच वेशात चौकात फिरून तिकिटं विकत असतात. थोड्या वेळात ही मंडळी गात-वाजवत गल्लीत शिरतात आणि तिकीट काढलेले लोक त्यांच्या मागे निघतात.

या फिरत्या मैफलीला 'कायेहोनेआदा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'कायेहोन' म्हणजे गल्ली, त्यावरून हे नाव आलं. गाणाऱ्या गटाला 'एस्तुदियांतिना' म्हणजे विद्यार्थ्यांचा ताफा म्हणतात. जुन्या काळी स्पेनमधल्या विद्यापीठांत गरीब विद्यार्थी एक वेळचं जेवण मिळावं म्हणून खानावळींत गाणी म्हणत. वेश आणि वाद्यं तिथून आली.

हे सगळं पाहून ही प्रथा स्पॅनिश राजवटीपासून अखंड चालत आली असावी, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. ग्वानाह्वातोत ती रुजली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

चांदीचं शहर नाटकाकडे कसं वळलं?

ग्वानाह्वातो मुळात खाणींचं गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथली व्हालेंसियाना ही जगातल्या सर्वांत श्रीमंत चांदीच्या खाणींपैकी एक होती. चर्च, वाडे, चौक त्या पैशातून उभे राहिले. तीव्र उतारांच्या अरुंद दरीत मिळेल तिथे घरं बांधली गेल्यामुळे चिंचोळ्या, वाकड्या गल्ल्यांचं जाळंही तयार झालं. पुढे चांदीचे ते दिवस राहिले नाहीत, दगडी शहर मात्र जवळपास तसंच राहिलं.

1953 मध्ये विद्यापीठातले प्राध्यापक एन्रिके रुएलास यांनी सान रोके नावाच्या छोट्या चौकात 'डॉन किहोते'चा लेखक मिगेल दे सर्व्हान्तेस याच्या एकांकिका उघड्यावर बसवल्या. नेपथ्याची गरजच नव्हती. मागे चर्च, बाजूला जुनी घरं, पायाखाली फरसबंदी. 1963 मध्ये विद्यापीठाची एस्तुदियांतिना सुरू झाली आणि 1972 मध्ये 'सर्व्हान्तिनो' हा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव. गंमत म्हणजे ज्याच्या नावावर हे शहर इतकं जगतं, तो सर्व्हान्तेस मेक्सिकोत कधी आलाच नाही. 1590 मध्ये त्याने अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये नोकरी मागितली होती, ती नाकारली गेली. 1988 मध्ये हे शहर आणि लगतच्या खाणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या.

चौकात आणखी काय असतं?

या संध्याकाळचं केंद्र म्हणजे 'हार्दिन दे ला उनिओन' ही त्रिकोणी बाग. कडेने लावलेली दाट झाडं छाटून त्यांची हिरवी भिंत केलेली आहे. या झाडांना तिथे 'भारताचं लॉरेल' म्हणतात. वड-पिंपळाच्या कुळातलं हे झाड म्हणजे आपल्याकडचा नांदरुक. झाडांखाली हॉटेलांची टेबलं मांडलेली असतात आणि मारियाची वादक टेबलाजवळ येऊन एकेका गाण्याचे पैसे ठरवतात. समोर 1903 मध्ये सुरू झालेलं हुआरेझ थिएटर आहे. त्याच्या पायऱ्यांवर लोक फुकट बसतात आणि खाली विदूषक, मूकनाट्य करणारे कलाकार रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालीची नक्कल करून हशा पिकवतात. शेवटी टोपी फिरते. ज्याला जे द्यायचं ते तो देतो.

कायेहोनेआदाचं गणित वेगळं आहे, तिथे तिकीट लागतं. त्यात बहुतेकदा 'पोर्रोन' म्हणजे बारीक तोटीचं छोटं भांडं मिळतं. त्यातलं वाईन किंवा सरबत तोंडाला न लावता वरून धार धरून प्यायचं. दर काही वळणांवर ताफा थांबतो, दंतकथा सांगतो, जोडप्यांची फिरकी घेतो. विनोद चावट असतात आणि सगळे स्पॅनिशमध्ये. भाषा येत नसेल तर गाण्यांवर समाधान मानावं लागतं, पण डफ वाजवणाऱ्याच्या उड्या कुणालाही कळतात.

वाटेत बहुतेक वेळा 'चुंबनाची गल्ली' येते. इथे समोरासमोरच्या दोन बाल्कन्यांमध्ये जेमतेम 68 सेंटिमीटर अंतर आहे. श्रीमंत बापाची मुलगी आणि गरीब खाणकामगार या बाल्कन्यांतून भेटत, बापाने त्यांना पाहिलं आणि मुलीला भोसकलं, अशी कथा सांगतात. आता जोडपी तिथल्या तिसऱ्या पायरीवर चुंबन घेतात. त्याने सात वर्षांचं सुख मिळतं म्हणे.

गाणी कुणाच्या खिडकीखाली?

पर्यटकांना नेपथ्य वाटणाऱ्या या गल्ल्या म्हणजे लोकांची घरं आहेत. गल्ली इतकी अरुंद की खाली वाजलेला डफ वरच्या खोलीत वाजल्यासारखा ऐकू येतो. विद्यापीठाचा एकच ताफा होता तोवर गोष्ट वेगळी होती. आता शहरात अनेक ताफे आहेत आणि शनिवारी-रविवारी एकामागून एक निघतात. सकाळी मुलांना शाळेत पाठवणाऱ्या घरासाठी तीच गाणी, तेच विनोद हा रोजचा गोंगाट ठरू शकतो. दुसरीकडे वादक, तिकीटविक्रेते, चौकातली हॉटेलं या सगळ्यांची कमाई याच दोन-तीन तासांत होते. त्यामुळे मिरवणूक बंद करणं हा पर्याय कुणालाच परवडणारा नाही. वाद घालण्यासारख्या गोष्टी दोनच उरतात: रात्री किती वाजेपर्यंत गायचं आणि कुठल्या गल्लीतून जायचं.

सर्व्हान्तिनो महोत्सव दरवर्षी ऑक्टोबरमध्ये असतो. तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि राहण्याच्या खोल्या फार आधीपासून धरून ठेवाव्या लागतात. मैफल नीट ऐकायची असेल तर इतर महिन्यांतला सोमवार-मंगळवार बरा.